रेडिसचे आलेख पुन्हा पुन्हा रिकामे होतात तेव्हा काय तपासावं

लक्षण ओळखीचं आहे. आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाच्या डॅशबोर्डवर रेडिसचे (डेटा मेमरीत ठेवणाऱ्या डेटाबेसचे) आलेख आठ-पंधरा दिवस सुरळीत चालतात आणि मग एका सकाळी प्रत्येक चौकटीत ‘नो डेटा’ दिसतं. ॲप्लिकेशन चालू असतं, कुणाची तक्रार नसते. ड्यूटीवर असेल तो पासवर्ड पुन्हा सेट करतो, एक्स्पोर्टर (रेडिसचे आकडे बाहेर देणारा छोटा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करतो, आलेख परत येतात, तिकीट बंद होतं. पुढच्या महिन्यात तेच तिकीट नव्या क्रमांकाने उघडतं.

जी जोडणी एकदा चालली आणि नंतर आपोआप तुटली, तिची दुरुस्ती कशाने तरी पुसली जाते आहे. ते कशाने, हे सापडेपर्यंत तिकीट बंद करू नये असं माझं ठाम मत आहे. आलेख परत आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि शोध तिथेच थांबतो. मग ज्या रात्री मेमरी काठोकाठ भरते, नेमक्या त्याच रात्री डॅशबोर्ड रिकामा असतो.

गृहीत धरलेली मांडणी अशी: रेडिस ६.० किंवा पुढची आवृत्ती, त्याला जोडलेला रेडिस एक्स्पोर्टर, त्याच्याकडून आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि वर ग्राफाना. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसवर असो की साध्या व्हर्च्युअल मशीनवर, दुवे तेच. वॅलकी वापरत असाल तरी हे सगळं जवळपास तसंच लागू पडतं. मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वॅलकी वेगळं निघालं, पण एसीएल (युजर आणि त्यांच्या परवानग्या) आणि इन्फो (सर्व्हरचे आकडे) या आज्ञा तशाच राहिल्या. वॅलकीच्या इन्फोमध्ये सुसंगतीसाठी रेडिसची आवृत्ती ७.२.४ अशी दिसते आणि त्याची स्वतःची आवृत्ती वेगळ्या ओळीत असते, तेव्हा डॅशबोर्डवर जुना आकडा दिसला म्हणून त्यामागे वेळ घालवू नका. खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रूपात टाइप करायची.

आधी कुठला दुवा तुटला ते पाहा

रेडिसच्या मशीनवर लॉगइन करण्याआधी प्रोमिथियसमध्ये दोन आकडे बघायचे. पहिला ‘अप’. हा प्रोमिथियस स्वतः लिहितं आणि त्याचा अर्थ एवढाच की एक्स्पोर्टरच्या ९१२१ पोर्टवरून आकडे आणता आले. दुसरा ‘रेडिस_अप’. हा एक्स्पोर्टर लिहितो आणि त्याचा अर्थ असा की एक्स्पोर्टरला ६३७९ वरच्या रेडिसशी बोलता आलं.

‘अप’ शून्य असेल तर रेडिसच्या पासवर्डला हातसुद्धा लावू नका. बिघाड प्रोमिथियस आणि एक्स्पोर्टर यांच्या मध्ये आहे: पॉड (कुबरनेटीसवर चालणारा एक्स्पोर्टरचा कंटेनर) उठलेला नाही, नेटवर्क पॉलिसीने ९१२१ अडवलं आहे किंवा उत्तर वेळेत आलेलं नाही. ‘अप’ एक आणि ‘रेडिस_अप’ शून्य असेल तर एक्स्पोर्टर ठणठणीत आहे, रेडिस त्याला दारात उभं करत नाही. ‘अप’ची मालिकाच नाहीशी झाली असेल तर प्रोमिथियसला ते टार्गेट सापडतच नाही. कुबरनेटीसवर याचं नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हिसमॉनिटरवरचं (प्रोमिथियसने आकडे कुठून आणायचे हे सांगणाऱ्या नोंदीवरचं) ‘रिलीज’ लेबल. हेल्म चार्ट (बसवायचं तयार पॅकेज) नव्या नावाने बसवला गेला, लेबल जुनंच राहिलं आणि प्रोमिथियसने ते टार्गेट यादीतून गुपचूप काढून टाकलं. कुठल्याच लॉगमध्ये एरर येत नाही, म्हणून हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दोन्ही आकडे एक असून काही मोजक्याच चौकटी रिकाम्या असतील तर जोडणी शाबूत आहे, परवानगी अपुरी आहे. कमाल कनेक्शनसंख्येसारखे आकडे एक्स्पोर्टर ‘कॉन्फिग गेट’ चालवून आणतो. ती आज्ञा बंद असेल तर त्या आकड्यांवर बेतलेली टक्केवारी दिसत नाही, बाकी सगळं दिसतं.

यात एक फसवी जागा आहे. स्क्रेप म्हणजे आकडे आणण्याची एक फेरी; प्रोमिथियसचा स्क्रेप टाइमआउट मुळात १० सेकंदांचा असतो आणि एक्स्पोर्टरचा रेडिसशी जोडण्याचा टाइमआउट १५ सेकंदांचा. रेडिस अडकून बसला तर एक्स्पोर्टर ‘रेडिस_अप शून्य’ असं सांगण्याआधीच प्रोमिथियस फोन ठेवून देतं आणि नोंद होते ती ‘अप शून्य’ अशी. दोष रेडिसचा, दिसतो मात्र एक्स्पोर्टरचा. एक्स्पोर्टरचा टाइमआउट ५ सेकंदांवर आणा, म्हणजे वर सांगितलेली विभागणी खरी ठरेल. जोडणी बसवतानाच हे करून टाकावं.

‘रेडिस_अप’ शून्य असताना एक्स्पोर्टरच्या शेवटच्या स्क्रेपच्या एररचा जो आकडा असतो त्याचं ‘एर’ लेबल वाचा. रेडिसचं उत्तर शब्दशः तिथे आलेलं असतं. ‘नोऑथ’ आलं तर पासवर्ड पाठवलाच गेला नाही. ‘राँगपास’ आलं तर पाठवलेली जोडी रेडिसला मान्य नाही. ‘नोपर्म’ आलं तर ओळख पटली, पण ती आज्ञा चालवायची मुभा नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात मला सर्वाधिक वेळा दिसतं ते ‘राँगपास’, आणि त्यात पासवर्ड बहुधा बरोबरच असतो.

युजर मेमरीत होता, फाइलमध्ये नव्हता

रेडिस ६.० मध्ये, म्हणजे २०२० मध्ये, एसीएल आलं आणि प्रत्येक कामासाठी वेगळा युजर ठेवता येऊ लागला. मॉनिटरिंगला वेगळा, कमी अधिकारांचा युजर द्यावा हे योग्यच आहे. पण ‘एसीएल सेटयूजर’ ही आज्ञा युजर बनवते ती फक्त चालू प्रोसेसच्या मेमरीत. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. रेडिस रीस्टार्ट झाला की तो युजर कधी नव्हताच. पासवर्ड चुकीचा, युजर बंद केलेला आणि युजर अस्तित्वातच नाही, या तिन्हींना रेडिस एकच उत्तर देतो, ‘राँगपास’. बाहेरून फरक कळू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. म्हणूनच सगळे पासवर्डच्या मागे लागतात.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. इन्फोच्या सर्व्हर विभागात ‘अपटाइम_इन_सेकंड्स’ असतं. ते आताच्या वेळेतून वजा करा आणि आलेख तुटला त्या क्षणाशी जुळवून पाहा. दोन्ही एकाच मिनिटात पडत असतील तर रीस्टार्टने युजर पुसला. मग ॲडमिन युजरने आत जाऊन ‘एसीएल लिस्ट’ चालवा. यादीत फक्त ‘डिफॉल्ट’ दिसला की संशय उरत नाही. यादीत युजर असेल तर ‘एसीएल लॉग’ वाचा. अलीकडचे नकार तिथे नोंदवलेले असतात: कारण ओळख पटली नाही हे की आज्ञेची मुभा नव्हती हे, कुठल्या नावाने प्रयत्न झाला, किती वेळा झाला, कुठल्या पत्त्यावरून झाला. १५ सेकंदांनी स्क्रेप करणाऱ्या एक्स्पोर्टरची नोंद लगेच ओळखू येते, तिची संख्या तुमच्यासमोर वाढत जाते. पत्ता मात्र नीट पाहा. अनेकदा तिथे जुन्या क्लस्टरमध्ये विसरून राहिलेला दुसराच एक्स्पोर्टर सापडतो.

आता दुरुस्ती. आधी ‘कॉन्फिग गेट एसीएलफाइल’ चालवा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. उत्तरात फाइलचा पत्ता आला तर ‘एसीएल सेव्ह’ चालवून युजर त्या फाइलमध्ये उतरवता येतो. उत्तर रिकामं आलं तर युजर मुख्य कॉन्फिग फाइलमध्येच राहतात आणि त्यासाठी ‘कॉन्फिग रीराइट’ लागतं. दोन्ही ठिकाणी युजर ठेवणं रेडिसला चालत नाही, अशा कॉन्फिगवर तो सुरूच होत नाही. सेव्ह केल्यावर ‘ओके’ आलं एवढ्यावर थांबू नका, फाइल उघडून ‘युजर’ने सुरू होणारी ओळ डोळ्यांनी पाहा.

कुबरनेटीसवर गाडी इथेच अडते. कॉन्फिग फाइल कॉन्फिगमॅपमधून (कुबरनेटीसमध्ये ठेवलेल्या सेटिंगमधून) येते आणि ती फक्त वाचण्यापुरती असते, त्यामुळे ‘कॉन्फिग रीराइट’ला उत्तर मिळतं की फाइल सिस्टीमवर लिहिता येत नाही. कॉन्फिग फाइलशिवाय, नुसत्या कमांड लाइनवरच्या सेटिंगने रेडिस चालवला असेल तर तो सांगतो की सर्व्हर कॉन्फिग फाइलविना चालू आहे. दोन्ही वेळा लोक एरर वाचतात, ‘पण आत्ता तर चालतंय’ म्हणतात आणि पुढच्या रीस्टार्टला बिघाड हजर होतो. इथे खात्रीचा मार्ग एकच: युजरच्या ओळी असलेली एसीएल फाइल सीक्रेटमध्ये (कुबरनेटीसच्या गुप्त माहितीच्या साठ्यात) ठेवा आणि ती पॉडमध्ये माउंट करा. मग सेटयूजर आणि सेव्ह यांचा नाद सोडायचा. बदल सीक्रेटमध्ये करायचा आणि ‘एसीएल लोड’ने वाचायला लावायचा. फाइलमधली एक ओळ जरी चुकली तरी लोड पूर्ण फेटाळला जातो आणि जुने युजर तसेच राहतात, त्यामुळे अर्धवट अवस्था येत नाही. दोन गोष्टी सांभाळा. माउंट ‘सबपाथ’ने, म्हणजे एकच फाइल निवडून, केलं असेल तर सीक्रेट बदललं तरी पॉडमधली फाइल बदलत नाही. आणि काही आवृत्त्यांत ‘एसीएल लोड’नंतर डिफॉल्ट सोडून इतर युजरची चालू कनेक्शनं तोडली जातात, म्हणून हे काम गर्दीच्या वेळी करू नये.

युजरची ओळ साधारण अशी असावी:

युजर निरीक्षक ऑन #हॅश -@ऑल +पिंग +इन्फो +कॉन्फिग|गेट +स्लोलॉग +लेटन्सी +क्लायंट|सेटनेम

‘निरीक्षक’ हे युजरचं नाव आणि ‘#हॅश’च्या जागी पासवर्डचा हॅश. ‘ऑन’ विसरू नका. नवा युजर मुळात बंद अवस्थेत जन्माला येतो आणि बंद युजरलाही उत्तर तेच, ‘राँगपास’. नियम डावीकडून उजवीकडे लागू होतात, त्यामुळे ‘-@ऑल’ शेवटी लिहिलं तर आधीच्या सगळ्या परवानग्या धुऊन जातात. किल्ल्यांवर (डेटा ज्या नावांखाली ठेवला जातो त्यांवर) काहीच अधिकार दिलेला नाही, तो इन्फोला लागत नाही. क्लस्टर असेल तर ‘+क्लस्टर|इन्फो’ जोडा. ‘+@ऑल’ देऊन मोकळं होण्याचा मोह टाळा. एक्स्पोर्टरचा पासवर्ड अनेकांच्या हाताखालून जातो आणि त्या पासवर्डाने सगळा डेटा पुसणारं ‘फ्लशऑल’ चालता कामा नये.

पासवर्ड बदलताना आणखी एक गाठ पडते. ‘एसीएल सेटयूजर’मध्ये ‘>’ या चिन्हापुढे नवा पासवर्ड दिला की तो जुन्याच्या जागी जात नाही, जुन्याच्या जोडीला बसतो. दोन्ही चालतात. हे सोयीचंच आहे: आधी नवा जोडायचा, सगळे एक्स्पोर्टर नव्यावर आणायचे, मग जुना काढायचा. पण कुणी ‘रीसेटपास’ आधी चालवलं, तर एक्स्पोर्टर प्रत्येक स्क्रेपला नवं कनेक्शन उघडत असल्यामुळे तो पुढच्याच फेरीत बाहेर पडतो. ॲप्लिकेशनच्या पूलमधली (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातली) आधी ओळख पटलेली कनेक्शनं मात्र पासवर्ड बदलला तरी चालू राहतात. ‘ॲप चालू आहे, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे’ हा निष्कर्ष म्हणून काढू नये. ॲपचं कनेक्शन कधी तुटतं याची ती फक्त वाट पाहणं असतं.

हॅश आणि सीक्रेट बनवताना पासवर्डच्या शेवटी चिकटणारी नवी ओळ हे जुनं दुखणं आहे. ‘एको’ला ‘-एन’ दिलं नाही की एक अदृश्य बाइट जास्त जातो. सीक्रेट डिकोड करून हेक्स रूपात पाहा. शेवटी ०ए दिसला तर पासवर्डात एंटर शिरला आहे. पासवर्ड पत्त्यातच लिहायची पद्धत असेल तर त्यातली ॲट, हॅश किंवा तिरकी रेघ ही चिन्हं पर्सेंट एन्कोडिंगमध्ये द्यावी लागतात. त्यापेक्षा पत्ता, युजर आणि पासवर्ड वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेले बरे. पासवर्ड महिन्यागणिक आपोआप तयार होत असेल तर एखाद्या महिन्यात असं चिन्ह येणार आणि जोडणी तुटणार, पुढच्या महिन्यात ती आपोआप जुळणार. अशा बिघाडाला लोक ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून देतात.

फेलओव्हरनंतर तुटतं, रीस्टार्टनंतर नाही

अपटाइम जुळत नसेल, म्हणजे रेडिस महिनाभर सलग चालू असेल आणि तरीही युजर नसेल, तर आत्ता प्रायमरी (मुख्य नोड; रेप्लिका म्हणजे त्याच्या डेटाची प्रत ठेवणारे नोड) कोण आहे ते पाहा. एसीएलचे युजर रेप्लिकांकडे जात नाहीत. डेटा जातो, युजर जात नाहीत. कुणीतरी प्रायमरीवर युजर बनवला, रीतसर सेव्हही केला. मग नोडवर लक्ष ठेवणाऱ्या सेंटिनेलने एका रात्री रेप्लिकाला प्रायमरी केलं (हाच फेलओव्हर) आणि एक्स्पोर्टर सर्व्हिसच्या नावामागून त्या नव्या प्रायमरीकडे गेला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही. सकाळी जुना प्रायमरी परत गादीवर बसला तर आलेखही परत येतात आणि कुणी काही केलेलं नसतं. आपोआप बिघडून आपोआप सुधारणाऱ्या जोडणीत हे पहिल्यांदा तपासा.

एसीएल फाइल नसलेल्या मांडणीत गुंता आणखी वाढतो. सेंटिनेल एखाद्या नोडची भूमिका बदलतो तेव्हा त्यावर ‘कॉन्फिग रीराइट’ही चालवतो. कॉन्फिग फाइलवर लिहिता येत असेल तर मेमरीतले युजर त्या वेळी आपसूक डिस्कवर उतरतात. त्यामुळे एकाच सेटमधल्या एका नोडवर युजर टिकलेला सापडतो आणि दुसऱ्यावर नाही. असा विस्कळीतपणा दिसला तर एकेक नोड हाताने सरळ करत बसू नका. युजरची व्याख्या एकाच फाइलमधून सगळ्या नोडना जाईल अशी सोय करा आणि मग प्रत्येक नोडवर ‘एसीएल लिस्ट’ची ओळ ताडून पाहा. हॅशसकट ती अक्षरशः सारखी असली पाहिजे.

दुरुस्ती टिकली की नाही याची परीक्षाही रीस्टार्टनेच होते. एक रेप्लिका दिवसाढवळ्या, सगळे जागेवर असताना रीस्टार्ट करा. तिचा ‘रेडिस_अप’ एकवर आला की सेंटिनेलकडून फेलओव्हर करवून घ्या. ही परीक्षा न घेता बंद केलेलं तिकीट परत येतं.

एका नावामागे तीन पॉड

काही वेळा आलेख रिकामे होत नाहीत, वेड्यासारखे उसळतात. याचं मूळही जोडणीतच असतं. एक्स्पोर्टरला कुबरनेटीस सर्व्हिसचं नाव दिलेलं असतं आणि त्या नावामागे एक प्रायमरी आणि दोन रेप्लिका असतात. एक्स्पोर्टर दर वेळी नवं कनेक्शन उघडतो, त्यामुळे प्रत्येक स्क्रेप वेगळ्याच पॉडवर पडू शकतो. रेडिसची इन्फो ज्या नोडला विचारली त्याच्यापुरतीच बोलते.

उदाहरण घेऊ. प्रायमरीने आजवर ८० कोटी आज्ञा चालवल्या आहेत, रेप्लिकेने १२ लाख. एका स्क्रेपला ८० कोटी आले, पुढच्याला १२ लाख. प्रोमिथियसच्या दृष्टीने काउंटर कमी होणं म्हणजे प्रोसेस रीस्टार्ट होऊन शून्यापासून मोजणी सुरू होणं, म्हणून ते १२ लाखांची वाढ धरतं. त्यापुढच्या स्क्रेपला परत ८० कोटी आले की १५ सेकंदांत जवळपास ८० कोटींची वाढ झाली असं दिसतं, म्हणजे सेकंदाला पाच कोटींहून अधिक आज्ञा. एकटा रेडिस नोड हे कधीच करू शकत नाही. त्या आकड्यावर बसवलेला अलर्ट रात्रभर वाजतो आणि चौथ्या दिवशी कुणीतरी तो म्यूट करतं.

ओळख सोपी आहे. इन्स्टन्सच्या माहितीच्या मालिकेत भूमिका आणि रन आयडी ही लेबलं असतात. भूमिका मास्टर, स्लेव्ह, स्लेव्ह, मास्टर अशी उड्या मारत असेल तर निदान झालं. उपाय म्हणजे प्रत्येक रेडिसच्या पॉडमध्ये साइडकार (त्याच पॉडमधला जोडकंटेनर) म्हणून एक एक्स्पोर्टर ठेवा, त्याला लोकलहोस्टचा ६३७९ द्या आणि प्रोमिथियसला प्रत्येक पॉड वेगळा दिसू द्या. मला हीच मांडणी सगळ्यात भरवशाची वाटते. फेलओव्हर झाला तरी कुठला आकडा कुठल्या नोडचा हे बदलत नाही, आणि रेप्लिकेवर युजर नसेल तर ते फेलओव्हरची वाट न पाहता त्याच दिवशी कळतं. रेडिस क्लस्टरमध्ये तर याला पर्याय नाही, तिथे प्रत्येक नोड वेगळाच विचारावा लागतो.

गर्दीच्या वेळीच आकडे गायब

आलेखातली फट रोज ठरावीक वेळी, मिनिट-दोन मिनिटांची पडत असेल तर युजर आणि पासवर्ड बाजूला ठेवा. रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतो. लाखो किल्ल्यांवर कुणी सगळ्या किल्ल्या शोधणारं ‘कीज’ चालवलं किंवा लांबलचक लुआ स्क्रिप्ट सोडली की एक्स्पोर्टरची इन्फो मागे ताटकळते. ‘स्लोलॉग गेट’मध्ये फटीच्या वेळेची नोंद शोधा. तो मुळात १० मिलिसेकंदांहून लांब आज्ञा टिपतो आणि शेवटच्या १२८ नोंदी ठेवतो. त्याही मेमरीतच असतात, तेव्हा रीस्टार्ट करण्याआधी पाहा. रात्रीचा एखादा रिपोर्ट किंवा साफसफाईचा जॉब तिथे सापडतो.

कधी गुन्हेगार मॉनिटरिंगच निघतं. एक्स्पोर्टरच्या ‘चेक-कीज’ पर्यायाला किल्ल्यांच्या नावांचा नमुना दिला की तो प्रत्येक स्क्रेपला ‘स्कॅन’ करून सगळ्या किल्ल्या चाळतो. बसवताना किल्ल्या वीस हजार असतात तेव्हा हे पटकन होतं. दोन वर्षांनी त्या दोन कोटी होतात, चाळणी १० सेकंदांत संपत नाही आणि ‘अप’ शून्य पडायला लागतं. मोजक्या किल्ल्यांचीच लांबी हवी असेल तर ‘चेक-सिंगल-कीज’ वापरून त्यांची नावं थेट द्या.

कनेक्शन संपणं हेही गर्दीतलंच दुखणं. रेडिसची कमाल क्लायंटसंख्या मुळात १०,००० असते, पण फाइल डिस्क्रिप्टरची (प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइल आणि कनेक्शनांची) मर्यादा कमी असेल तर तो ती स्वतःहून खाली आणतो. मर्यादा ४०९६ असेल तर ३२ राखून ४०६४ क्लायंट उरतात. सुरू होताना लॉगमध्ये तो हे लिहितो, पण ती ओळ कुणी वाचत नाही. मॉनिटरिंगसाठी राखीव जागा रेडिसमध्ये नाही. ॲपने सगळ्या जागा भरल्या की एक्स्पोर्टरही रांगेबाहेर, म्हणजे बातमी हवी तेव्हा बातमीदारच दाराबाहेर. ‘क्लायंट लिस्ट’मध्ये ‘आयडल’चे आकडे पाहा. तासन्‌तास निष्क्रिय शेकडो कनेक्शनं असतील तर ॲपचा पूल गळतो आहे. रेडिसचा ‘टाइमआउट’ मुळात शून्य असतो, तो निष्क्रिय कनेक्शन स्वतः बंद करत नाही. चालू क्लायंट आणि कमाल क्लायंट यांचं गुणोत्तर ०.८ च्या वर गेलं की अलर्ट यावा, जागा संपल्यावर नाही.

टीएलएस आणि क्लाउडची सेवा

टीएलएसने एन्क्रिप्ट केलेली जोडणी दर तीन महिन्यांनी तुटत असेल तर सर्टिफिकेट पाहा. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात. कुबरनेटीसवरचा सर्ट-मॅनेजर ती वेळेत नवी करतो आणि डिस्कवरची फाइल बदलते, पण रेडिस ६ आणि ७ फाइल बदलली म्हणून ती स्वतःहून पुन्हा वाचत नाहीत. जुनं सर्टिफिकेट मेमरीत राहून मुदत संपते. ॲपची उघडी कनेक्शनं चालत राहतात, नवं कनेक्शन उघडणारा एक्स्पोर्टर पहिला बळी पडतो. ‘कॉन्फिग सेट टीएलएस-सर्ट-फाइल’ला तोच जुना पत्ता पुन्हा दिला तरी रेडिस फाइल नव्याने वाचतो. ७.० पासून सर्टिफिकेट आणि की या दोन्ही फाइल एकाच आज्ञेत देता येतात, तशाच द्या. नूतनीकरणानंतर हे आपोआप चालेल अशी सोय करा. एक्स्पोर्टरवर सर्टिफिकेटची तपासणी बंद करून आलेख परत आणणं म्हणजे ॲप बंद पडण्याची आगाऊ सूचना आपल्याच हाताने बंद करणं.

पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘रेडिस’ या शब्दाला शेवटी एक ‘एस’ जास्त लावला की जोडणी टीएलएसने होते, हे तर ठाऊक असेलच. साइडकारमध्ये लोकलहोस्टने जोडता तेव्हा सर्टिफिकेटवरच्या नावांत लोकलहोस्टही हवं.

एडब्ल्यूएसच्या एलॅस्टिकॅश या तयार रेडिस सेवेवर, मुंबई रीजन असो की दुसरा, ‘एसीएल सेटयूजर’ आणि ‘कॉन्फिग’ या आज्ञा बंद असतात. युजर कन्सोलमधून युजर ग्रुपमध्ये बनवायचा आणि एक्स्पोर्टरला कॉन्फिगची आज्ञा ‘-’ देऊन वगळायला सांगायची. तिथे आयएएम (एडब्ल्यूएसची ओळख-व्यवस्था) टोकनने ओळख पटवता येते, पण टोकन १५ मिनिटांचंच असतं. कुणी ते पासवर्ड म्हणून एक्स्पोर्टरमध्ये डकवलं तर जोडणी पाव तास चालते आणि मरते. मॉनिटरिंगसाठी पासवर्डचाच वेगळा युजर ठेवा. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएसच्या फायरवॉलच्या नियमांत) एक्स्पोर्टरचा आयपी लिहिला असेल तर ऑटोस्केलिंगने नोड बदलला की दार बंद होतं. तिथे आयपीऐवजी एक्स्पोर्टरचा सिक्युरिटी ग्रुपच लिहावा.

अलर्ट वाजलाच नाही

शेवटची तपासणी अलर्टची. ‘रेडिस_अप बरोबर शून्य’ असा नियम बहुतेकांकडे असतो आणि एक्स्पोर्टरच पडला की तो कधीच वाजत नाही. कारण तेव्हा ‘रेडिस_अप’ची मालिका शून्यावर येत नाही, ती नाहीशी होते, आणि नसलेल्या आकड्याची तुलना कशाशीच होत नाही. ‘ॲबसेंट’ फंक्शन लावलं तर सगळेच नोड गायब झाल्यावरच ते वाजतं, तीनपैकी एक गेला तर नाही. तीन नोडचा सेट असेल तर ‘रेडिस_अप’ एक असलेल्या मालिकांची मोजणी करा आणि ती तीनपेक्षा कमी झाली की वाजवा. एकही मालिका उरली नाही तर ही मोजणीही रिकामी येते, म्हणून सोबत ‘ॲबसेंट’चा नियमही ठेवा. दोन्हींना पाच मिनिटांची मुदत द्या, म्हणजे साध्या रीस्टार्टला कुणाची झोप मोडणार नाही. मग एका रेप्लिकेवर निरीक्षक युजर ‘ऑफ’ करून पाच मिनिटं थांबा आणि फोन वाजतो का ते बघा.